बॉस्टनचं पब्लिक गार्डन आणि हंसाच्या होड्यांचं तळं: पहिल्यांदा जाताय तर हे वाचून जा

बॉस्टनला नवीन आलेली मंडळी असोत, नाहीतर उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे भारतातून आलेले असोत, प्रश्न ठरलेले असतात. ते हंसाच्या होड्यांचं गार्डन कुठे आहे, गाडी न्यायची का ट्रेननं जायचं, वेळ किती लागतो, आणि वयस्कर माणसांना झेपेल का. मी बरीच वर्षं इथे राहते, घरच्यांना आणि ओळखीच्यांना घेऊन सगळ्या सीझनमध्ये तिथे गेलेय, त्यामुळे हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

सुरुवातीलाच एक सांगते. बरेच लोक इथे पुलावर दोन फोटो काढतात, होडीत बसतात आणि पुढच्या स्पॉटला पळतात. तसं करू नका. गार्डन छोटं आहे, पण अर्धा दिवस काढून निवांत फिरलात तर खूप मिळतं, आणि मराठी माणसानं मुद्दाम थांबून बघावं असं दोन-तीन पुतळ्यांच्या रूपात तिथे काहीतरी आहे, जे टूरवाले सांगत नाहीत. ते पायरी ६ मध्ये आहे, बाकी घाईत असाल तर निदान तेवढं वाचा.

आधी थोडी ओळख

बॉस्टन शहराच्या अगदी मध्यात दोन बागा शेजारी शेजारी आहेत, मधून फक्त चार्ल्स स्ट्रीट नावाचा रस्ता जातो. पूर्वेकडची बॉस्टन कॉमन, १६३४ सालची, म्हणजे शिवाजी महाराज चार वर्षांचे असतानाची. पश्चिमेकडचं ते पब्लिक गार्डन, सुरुवात १८३७ ची. कॉमन म्हणजे मोकळं मैदान, पूर्वी तिथे गुरं चरायची, आता लोक बॉल खेळतात, सभा होतात. पब्लिक गार्डन मात्र आखीव बाग आहे, फुलांचे ताटवे, पुतळे, लेबल लावलेली झाडं आणि मध्ये वेड्यावाकड्या आकाराचं तळं, त्याला इथले लोक लगून म्हणतात. एकूण जागा २४ एकर, म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कपेक्षा जराशी लहानच, त्यामुळे 'फार चालायला लागेल' ही भीती काढून टाका.

गंमत म्हणजे ही सगळी जागा मुळात जमीन नव्हतीच. भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल अशी खाडी होती, पाण्याचा काठ आजच्या चार्ल्स स्ट्रीटपाशी होता. १७७५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैनिक लेक्सिंग्टन-कॉन्कॉर्डच्या दिशेनं, म्हणजे जिथे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई झाली तिकडे, निघाले ते कॉमनच्या याच टोकाकडून होड्यांत बसून. पुढे भराव घालून जमीन तयार झाली. मुंबईच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, आपलं अर्धं शहर भरावावर उभं आहे. या नव्या जमिनीवर घरं बांधून पैसा करावा असं बऱ्याच जणांना वाटत होतं आणि त्यावर कित्येक वर्षं वाद चालले, शेवटी ती बागेसाठीच राखायची असं कायद्यानं ठरलं. जॉर्ज मीकम नावाच्या आर्किटेक्टनं आखणी केली आणि १८६१ पर्यंत तळं तयार झालं.

पायरी १: कधी जायचं ते आधी ठरवा

माझ्या मते सगळं इथेच ठरतं, कारण एकच जागा एप्रिलमध्ये आणि डिसेंबरमध्ये ओळखू येत नाही.

एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य हा सगळ्यात उत्तम काळ. ट्युलिप फुललेले असतात, ओळीच्या ओळी, लाल पिवळे जांभळे, आणि तळ्याकाठच्या विलोच्या फांद्यांना नुकती पोपटी पालवी फुटलेली असते. जाताना कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवरून गेलात तर एप्रिलमध्ये तिथल्या घरांपुढचे मॅग्नोलियाही बघायला मिळतात, रस्त्याच्या ज्या बाजूला ऊन जास्त पडतं तिकडे जास्त आहेत. होड्या एप्रिलच्या मध्यानंतर सुरू होतात. थंडी मात्र अजून गेलेली नसते, तळ्यावरून वारा येतो, भारतातून आलेल्या माणसांना मेमध्येसुद्धा जॅकेट लागतं, ऊन दिसतंय म्हणून साध्या शालीवर नेऊ नका.

जून ते ऑगस्ट सगळं हिरवंगार, गुलाब, उन्हाळी फुलं, पण गर्दी आणि ऊन दोन्ही. सकाळी दहाच्या आसपास पोचा, दुपारी दोनला पोचू नका.

सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डे झाला की होड्यांचा सीझन संपत येतो. ऑक्टोबरमध्ये झाडांचे रंग सुंदर असतात पण होडी नसते, हे खूप लोकांना माहीत नसतं आणि मग मुलं रडतात. पानगळीनंतर तळ्यातलं पाणी बऱ्याच वेळा उतरवतात, तेव्हा नुसता चिखल दिसतो, तेही लक्षात ठेवा.

हिवाळ्यात बर्फ पडल्यावर जागा शांत आणि देखणी असते, पण तळ्यावर गोठलेला थर दिसला तरी त्यावर पाय ठेवू नका, कितीही लोक चालताना दिसले तरी. मुलांना स्केटिंग करायचं असेल तर शेजारच्या कॉमनमध्ये फ्रॉग पाँडवर रीतसर रिंक असते.

टाळायचे दिवस पण सांगते. एप्रिलचा तिसरा सोमवार, म्हणजे पेट्रियट्स डे, त्या दिवशी बॉस्टन मॅरेथॉन असते आणि जवळचा बॉयल्स्टन स्ट्रीट बंद असतो. चार जुलैला नदीकाठी आतषबाजी असते त्यामुळे सगळा परिसर माणसांनी भरलेला. आणि मदर्स डेला छोट्या मुलांची बदकांचे ड्रेस घालून मिरवणूक असते, ती मात्र लहान मुलं असतील तर मुद्दाम बघण्यासारखी, फक्त गर्दीची तयारी ठेवा.

पायरी २: नकाशात बरोबर जागा टाका

फोनमध्ये पूर्ण नाव टाका, 'बॉस्टन पब्लिक गार्डन'. नुसतं 'गार्डन' टाकलंत किंवा टॅक्सीवाल्याला 'गार्डन' म्हणालात तर तो टीडी गार्डनला नेईल, ते नॉर्थ स्टेशनजवळचं बास्केटबॉल आणि हॉकीचं स्टेडियम आहे. आणि घरच्यांशी भेटायची जागा ठरवताना 'पार्कमध्ये भेटू' म्हणू नका, एक जण कॉमनमध्ये आणि एक जण गार्डनमध्ये असं हमखास होतं. 'घोड्यावरच्या वॉशिंग्टनपाशी' असं सांगा, तो आर्लिंग्टन स्ट्रीटच्या मोठ्या फाटकाशी आहे, लांबूनही चुकत नाही.

पायरी ३: जायचं कसं

गार्डनला सगळ्यात जवळचं स्टेशन आर्लिंग्टन, सबवेच्या ग्रीन लाइनवर. बाहेर आलात की कोपऱ्यावरच गार्डनचं फाटक. लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांसाठी हेच बरं. नकाशात बॉयल्स्टन स्टेशनही जवळ दिसतं पण तिथे फक्त जिने आहेत, आई-बाबा असतील किंवा स्ट्रोलर असेल तर तिथे उतरू नका.

आता कुठून येताय त्याप्रमाणे:

- वेस्टबरो, श्रूझबरी, फ्रेमिंगहॅम, ॲशलंड, नेटिक या बाजूची बरीच मराठी मंडळी आहेत. तुमच्यासाठी वूस्टर लाइनची कम्युटर रेल, म्हणजे उपनगरातून येणारी ट्रेन, बेस्ट. बॅक बे स्टेशनला उतरा, तिथून रमतगमत चालत पंधरा-वीस मिनिटं. शनिवार-रविवारी १० डॉलरचा वीकेंड पास मिळतो, दोन दिवस कितीही फिरा, आणि मोठ्यांबरोबर असलेली ११ वर्षांपर्यंतची मुलं फुकट.
- गाडी थोडीतरी चालवायची असेल तर रिव्हरसाइडला पार्क करा, तिथून ग्रीन लाइनची डी ट्रेन थेट आर्लिंग्टनला आणते. मात्र फेनवे स्टेडियमला रेड सॉक्स या बॉस्टनच्या बेसबॉल टीमची मॅच असेल त्या दिवशी ही ट्रेन खच्चून भरते, निघायच्या आधी मॅचचं टाइमटेबल बघून घ्या.
- उत्तर-पश्चिमेकडून, म्हणजे ॲक्टन, लेक्सिंग्टन, बर्लिंग्टनकडून येणारे एलवाइफला गाडी ठेवून रेड लाइननं पार्क स्ट्रीटला उतरतात, मग कॉमन ओलांडून दहा-बारा मिनिटांत गार्डन.
- विमानतळावरून थेट येणार असाल तर सिल्व्हर लाइनची बस लोगनहून साउथ स्टेशनपर्यंत फुकट आहे आणि पुढे रेड लाइनलाही वेगळे पैसे नाहीत.

सबवेचं एका वेळचं तिकीट २.४० डॉलर. आता गेटवर क्रेडिट कार्ड किंवा फोन टॅप करूनही जाता येतं.

गाडीनंच जायचं म्हणत असाल तर कॉमनच्या खाली मोठं अंडरग्राउंड पार्किंग आहे, चार्ल्स स्ट्रीटवरून आत जायचं, वर आलात की समोर गार्डन. वीकेंडला परवडतं, कामाच्या दिवशी महाग पडतं. गाडीवर सामानाचा डबा असेल तर उंचीची मर्यादा बाहेर लिहिलेली असते ती बघूनच आत शिरा.

इथला मोठा सापळा म्हणजे रस्त्यावरचं पार्किंग. बीकन हिल आणि बॅक बे या शेजारच्या वस्त्यांमध्ये रिकामी जागा दिसते आणि माणूस खूश होऊन गाडी लावतो, पण बहुतेक जागा 'रेसिडेंट परमिट'वाल्या असतात, फक्त तिथे राहणाऱ्यांसाठी. पाटी खांबावर उंच असते, कधी झाडाआड असते. दंड होतो, कधी गाडी उचलून नेतात, आणि मग आई-बाबांना घेऊन गाडी सोडवायला जाण्यात अख्खा दिवस जातो. मीटरच्या जागी दोन तासांची मर्यादा असते, तेवढ्यात तुमचं गार्डन बघून होणार नाही.

पायरी ४: सोबत काय घ्यायचं

गार्डनला तिकीट नाही, नाव नोंदवायचं नाही, ओळखपत्र लागत नाही. तरी एवढं जवळ असू द्या:

- थोडी कॅश, सुटे डॉलर. होडीच्या तिकिटाला कार्डवर विसंबून राहू नका.
- टोपी आणि गॉगल. होड्यांना छप्पर नाही.
- जॅकेट, वर सांगितलंच.
- पाण्याच्या बाटल्या भरून.
- बसायला जुनी चादर, नाहीतर प्लॅस्टिकची चटई. बाकं भरपूर आहेत पण रविवारी रिकामी मिळतीलच असं नाही. चादर टाकण्याआधी गवत नीट बघा, इथले मोठे करडे हंस, म्हणजे कॅनडा गूज, सगळीकडे घाण करून ठेवतात.
- घरचा डबा. दशम्या, मेथीचे ठेपले, चटणी असं कोरडं काहीतरी. गार्डनच्या आत हॉटेल नाही. आपल्या लोकांना अकराला नाश्ता आणि दीडला जेवण लागतंच, आणि आजूबाजूच्या रेस्टॉरंटमध्ये वीकेंडला वाट बघायला लागते. सांडायचं, पसरायचं जेवण असेल तर सरळ रस्ता ओलांडून कॉमनमध्ये बसा, तिथे जागा मोकळी आहे.
- भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या पासपोर्टचा फोटो फोनमध्ये आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सचं कार्ड. याचा गार्डनशी संबंध नाही, पण वयस्कर माणसांना घेऊन घराबाहेर पडताना हे असायलाच हवं.

पायरी ५: टॉयलेटचं नियोजन आधीच करा

याबद्दल कोणी लिहीत नाही, आणि आई-बाबांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं हेच असतं. गार्डनच्या आत टॉयलेट नाही. दोन सोयी आहेत. एक, कॉमनमध्ये फ्रॉग पाँडजवळ. दुसरी, कॉप्ली स्क्वेअरची बॉस्टन पब्लिक लायब्ररी, गार्डनपासून दहा मिनिटांवर, स्वच्छ आणि फुकट. बॅक बे स्टेशनवरून चालत येणार असाल तर ती वाटेतच लागते, म्हणून मी नेहमी आधी तिथेच नेते. आणि गेलातच आहात तर वर जाऊन मोठी वाचनाची खोली बघा, हिरव्या दिव्यांची लांबलचक टेबलं आहेत, इमारत १८९५ ची. रविवारी लायब्ररी उशिरा उघडते, वेळ बघून जा.

पायरी ६: आत फिरायचा क्रम

वीकेंडला उन्हाळ्यात गेलात तर पहिल्यांदा होडी (पायरी ७ बघा), कारण रांग वाढत जाते. बाकी दिवशी मी सांगते तशी एक चक्कर मारा.

आर्लिंग्टन स्टेशनच्या कोपऱ्यातून आत या आणि बॉयल्स्टन स्ट्रीटच्या कडेकडेनं चाला. या बाजूला पुतळ्यांची रांग आहे, तळ्याच्या ओढीनं लोक इकडे वळतच नाहीत. त्यातले दोन नीट बघा, चार्ल्स समनर आणि वेंडेल फिलिप्स. दोघंही बॉस्टनचे, दोघंही गुलामगिरीच्या विरोधात आयुष्यभर लढलेले. समनर सिनेटर होते, गुलामगिरीविरुद्ध भाषण केलं म्हणून १८५६ मध्ये दक्षिणेतल्या एका खासदारानं भर सिनेटमध्ये त्यांना काठीनं बेदम मारलं, सावरायला त्यांना वर्षं लागली. फिलिप्स वकील होते, वकिली बाजूला ठेवून त्यांनी वक्तृत्व या कामाला वाहिलं.

आता आठवा. १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी स्वतःची झीज सोसली. ज्या चळवळीला जोतीरावांनी तो मान दिला त्या चळवळीत हे दोघं आघाडीवर होते. शाळेत आपण ही अर्पणपत्रिका एका मार्काचा प्रश्न म्हणून पाठ करतो. इथे त्यातली माणसं समोर उभी असतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे इथेच सांगा, घरी पुस्तकातून सांगण्यापेक्षा जास्त पोचतं.

पुढे कोपऱ्यावरून डावीकडे वळून चार्ल्स स्ट्रीटच्या बाजूनं फाटकापर्यंत या. तिथे एक दाढीवाले म्हातारे गृहस्थ आहेत, हातात टोपी आणि काठी, आत्ताच फिरायला निघालेत असे. हे एडवर्ड एव्हरेट हेल, धर्मोपदेशक आणि लेखक. पाट्या वाचणारे लोकही यांना ओलांडून बदकांकडे जातात. पण आपल्याला यांच्यापाशी थांबायचं कारण आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत आल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियात हजर राहिल्या, आणि मग देशभर व्याख्यानं देत फिरल्या, भारतातल्या बालविधवांसाठी शाळा काढायची म्हणून. त्यातून १८८७ च्या डिसेंबरमध्ये इथे बॉस्टनमध्येच रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षं पैसे पुरवायचं तिनं कबूल केलं. तिचे अध्यक्ष हे हेल. त्याच पैशातून मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढे ते पुण्याला गेलं. पुतळ्याखाली यातलं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे आपणच आपल्या माणसांना सांगायचं. सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ तिथल्या बाकावर बसून राहिल्या होत्या, आणि मला वाटतं कुणाही मराठी बाईला तिथे थोडं थांबावंसं वाटेल.

तिथून पुढे, बीकन स्ट्रीटच्या कोपऱ्यात, मुलांची लाडकी जागा. ब्राँझची बदकीण आणि तिच्या मागे ओळीनं आठ पिल्लं. 'मेक वे फॉर डकलिंग्ज' या १९४१ च्या इंग्रजी चित्रपुस्तकात बदकांचं कुटुंब याच तळ्यावर राहायला येतं, त्यावरून नॅन्सी शॉन यांनी १९८७ मध्ये हे शिल्प केलं. कुठल्याही लायब्ररीत मुलांच्या विभागात विचारलंत तर पुस्तक लगेच काढून देतील, जायच्या आठवडाभर आधी आणून वाचून दाखवा, मुलं तिथे गेल्यावर वेडी होतात. पिल्लांवर बसायला बंदी नाही, सगळी मुलं बसतात, पण उन्हाळ्यात दुपारी धातू चटका बसेल इतका तापतो, आधी हात लावून बघा. सणासुदीला कोणीतरी येऊन पिल्लांना टोप्या, स्वेटर घालून जातं. अशीच बदकं मॉस्कोतही आहेत, १९९१ मध्ये अमेरिकेनं भेट दिलेली.

मग बीकन स्ट्रीटच्या कडेनं पश्चिमेला आलात की ईथर मॉन्युमेंट लागतं, १८६८ चं, गार्डनमधलं सगळ्यात जुनं. १८४६ मध्ये इथून जवळच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथर, म्हणजे भुलीचं औषध, देऊन रुग्णाला वेदना न होता शस्त्रक्रिया करून दाखवली, त्याचं हे स्मारक. शोधाचं श्रेय कोणाचं यावर भांडण होतं, म्हणून स्मारकावर शोध लावणाऱ्याचं नावच नाही. घरात डॉक्टर असेल तर इथे जास्त वेळ धरा.

तिथून आर्लिंग्टन स्ट्रीटच्या मोठ्या फाटकाकडे, घोड्यावरचे वॉशिंग्टन, थॉमस बॉल यांचं १८६९ चं काम, आणि समोर सगळ्यात भरगच्च फुलांचे ताटवे. फोटो इथे काढा. मग सरळ पुलावर. पूल १८६७ चा, एकेकाळी जगातला सगळ्यात लहान झुलता पूल म्हणायचे, १९२१ मध्ये खालून गर्डर घातले, त्यामुळे आता वरच्या तारा शोभेच्या. पुलाला हलकासा चढ आहे, व्हीलचेअर ढकलणाऱ्यानं जोर लावायची तयारी ठेवावी. बाकी सगळे रस्ते सपाट आणि पक्के आहेत.

झाडांकडे पण बघा. लेबलं लावलेली आहेत, जिंको, बीच, डॉन रेडवुड. माझे बाबा एक एक लेबल वाचत गेले आणि त्यांचा त्यात अर्धा तास सहज गेला.

पायरी ७: हंसाची होडी

डॉक पुलाजवळच आहे. तिकीट तिथेच मिळतं, मोठ्या माणसाला पाच डॉलरच्या आसपास, मुलांना आणि ज्येष्ठांना थोडं कमी. फेरी पंधरा मिनिटांची. लांबट होडीवर बाकांच्या ओळी, मागे मोठा पांढरा हंस, आणि त्या हंसाच्या आत बसून एक जण पायानं पॅडल मारतो. इंजिन नाही, म्हणून आवाज नाही. तळं फारसं खोल नाही, होडी अगदी सावकाश जाते आणि डोलत नाही, त्यामुळे पाण्याची भीती वाटणाऱ्यांनाही बसवा.

या होड्या १८७७ पासून आहेत. रॉबर्ट पॅजेट नावाच्या माणसानं सुरू केल्या, वॅग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेरात हंसानं ओढलेली नाव असते त्यावरून त्याला सुचलं. पण वर्षभरातच तो वारला, वय ४२. मग त्याची बायको ज्युलिया हिनं धंदा हातात घेतला, पदरात मुलं, आणि बाई म्हणून लायसन्ससाठी तिला आजूबाजूच्या व्यापाऱ्यांच्या सह्या गोळा करून आणायला लागायच्या, की ही बाई हे चालवू शकते. तिनं चालवलं, आणि आजही तेच कुटुंब चालवतंय. २०२० मध्ये कोविडमुळे अख्खा सीझन बंद होता, एरवी इतक्या वर्षांत पिढ्यानपिढ्या लोक आपापल्या नातवंडांना घेऊन येतात.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

पाऊस, जोराचा वारा किंवा फार उकाडा असेल तर होड्या बंद असतात, निघायच्या आधी त्यांच्या साइटवर किंवा फोनवर खात्री करून घ्या. वेळा साधारण सकाळी दहा ते दुपारी चार-पाच, सीझनप्रमाणे बदलतात, शेवटच्या अर्ध्या तासाच्या भरवशावर जाऊ नका. व्हीलचेअर असेल तर रांगेत लागायच्या आधी डॉकवरच्या मुलांना विचारा.

होडी हंसाची असली तरी तळ्यात खरे राजहंस असतीलच असं मुलांना कबूल करू नका. वसंतात एक जोडी तळ्यात सोडायची जुनी पद्धत आहे, हिवाळ्यात ते फ्रँकलिन पार्कच्या झूमध्ये राहतात. रोमिओ आणि ज्युलिएट नावाची जोडी फार लोकप्रिय होती, २००५ मध्ये कळलं की दोन्ही माद्याच आहेत. बदकं मात्र भरपूर दिसतात.

पायरी ८: नियम, जे माहीत नसतात

बदकांना, खारींना पाव, शेंगदाणे, चिवडा काहीही घालू नका. आपल्याकडे तळ्यावर गेलं की माशांना कणकेच्या गोळ्या घालायची सवय असते, आजी-आजोबा प्रेमानं पिशवीतून काढतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. पावानं त्या पक्ष्यांची तब्येत बिघडते आणि पाणीही खराब होतं. खारी अगदी पायाशी येतात, मुलांना हात लावू देऊ नका.

सायकल आत चालवायची नाही, हातात धरून न्या. सिगारेट शहरातल्या सगळ्याच पार्कांमध्ये बंद आहे. दारू नाही, शेगडी नाही. फुलांच्या ताटव्यात पाय टाकून फोटो काढू नका, ती रोपं शहराच्या ग्रीनहाऊसमध्ये वाढवून माळी लोक हातानं लावतात.

प्री-वेडिंग, डोहाळजेवण, मुंज, ग्रॅज्युएशन अशा फोटोंसाठी व्यावसायिक फोटोग्राफर आणणार असाल किंवा छोटा समारंभ करायचा असेल तर शहराच्या पार्क्स डिपार्टमेंटचं परमिट काढावं लागतं. हे काम आधीच करा, मेमधला शनिवार हवा असेल तर खूपच आधी. फोनवर घरचे फोटो काढायला काही लागत नाही.

पायरी ९: परतीचा हिशोब

सगळं निवांत धरून तीन-चार तास ठेवा, जेवण धरून. अंधार पडायच्या आत बाहेर निघा, गार्डन दिवसा बघायची जागा आहे. आई-बाबा थकले नसतील आणि मुलांना अजून खेळायचं असेल तर कॉमनमधल्या फ्रॉग पाँडवर जा, उन्हाळ्यात तिथे मुलं पाण्यात खेळतात, एक जोडी कपडे जास्त ठेवा.

वूस्टर लाइननं परत जाणाऱ्यांसाठी शेवटचं. वीकेंडला गाड्या कमी असतात, एक चुकली की बराच वेळ थांबावं लागतं. त्यामुळे गार्डनमधून उठायच्या आधी ॲपवर गाडीची वेळ बघा, बॅक बेपर्यंत चालायला वयस्कर माणसांच्या पावलानं पंचवीस मिनिटं धरा, आणि वाटेत लायब्ररीत थांबायचं असेल तर आणखी पंधरा.